फवारणीचे 'औषध' आणि घरातील मुले

खरिपाच्या फवारण्या सुरू झाल्या की विस्तार कार्यकर्त्यांच्या गावोगाव बैठका सुरू होतात. तोंडाला कापड बांधावे, वाऱ्याच्या विरुद्ध दिशेला फवारू नये, फवारताना बिडी-तंबाखू टाळावी, द्रावण हाताने ढवळू नये, हे सर्व सांगितले जाते. बैठक पारावर किंवा सोसायटीच्या ओट्यावर असते आणि समोर पुरुष मंडळी असतात. शेवटी 'कळलं ना?' असे विचारले की सर्वजण माना डोलावतात. प्रस्तुत लेखकाने अशा बैठका पुष्कळ वर्षे घेतल्या आणि मान डोलली म्हणजे काम झाले असेच मानले.

एका वर्षी अशीच बैठक आटोपून एका कापूस उत्पादकाच्या घरी चहाला गेलो. त्यांची सहा वर्षांची मुलगी जवळ येऊन म्हणाली, "काका, तुम्ही औषधाचे डॉक्टर का?" गमतीने 'हो' म्हटले. ती धावत पडवीत गेली आणि शीतपेयाची एक बाटली दोन्ही हातांत धरून घेऊन आली. बाटलीत तळाशी ताकासारखे पांढरे पाणी होते, तोंडाला चिंधीचा बोळा होता. "हे आमचं औषध. बाबा पऱ्हाटीला देतात, मग ती बरी होते."

वडिलांनी बाटली हातातून काढून घेतली, मुलीचे हात साबणाने धुतले. सुदैवाने काही झाले नाही. परंतु तासाभरापूर्वी तेच गृहस्थ बैठकीत पुढच्या रांगेत बसून मान डोलावत होते. त्यांनी काही खोटे केले नव्हते. मुलीलाही कोणी चुकीचे सांगितले नव्हते. घरात जे शब्द कानावर पडत होते ते जोडून तिने आपल्यापुरता अर्थ लावला होता, आणि त्या शब्दांवरून तोच अर्थ निघत होता.

शब्द एक, अर्थ अनेक

आपण कीटकनाशकाला 'औषध' म्हणतो. औषध आणले, औषध मारले, आज औषधाचा दिवस आहे, असे दिवसभर बोलणे चालते. त्याच घरात खोकल्यावर आई मुलाला 'औषध घे बाळा, गोड आहे' म्हणते. मोठ्या माणसाला प्रसंगावरून फरक कळतो. चार-पाच वर्षांच्या मुलाला तो कळण्याचे कारण नाही. त्याच्या दृष्टीने औषध म्हणजे बाटलीतून येणारी, घेतल्यावर बरे वाटणारी वस्तू.

असे इतरही शब्द आहेत. धान्यात ठेवतात त्या 'गोळ्या' आणि दुकानात मिळतात त्याही 'गोळ्याच'. पिकवाढीच्या द्रावणाला 'टॉनिक' म्हणण्याची पद्धत पडली आहे, आणि डॉक्टर अशक्त मुलाला टॉनिकच लिहून देतात. भुकटीला आपण 'पावडर' म्हणतो. या शब्दाने तर मोठी माणसेही फसतात. उवा मारण्यासाठी शेतातील पावडर मुलांच्या डोक्याला चोळल्याचे प्रकार ऐकिवात आहेत. डोक्याच्या कातडीतून, आणि खाजवलेल्या जखमांतून तर अधिकच, विष अंगात भिनते हे त्या माउलीला कोणी सांगितलेले नसते. तिने फक्त 'पावडर' हा शब्द ऐकलेला असतो.

म्हणून पहिली सूचना अशी की, घरात कीटकनाशकाला 'औषध' म्हणणे बंद करावे. 'किडीचे विष' म्हणावे. तणनाशकाला 'तणाचे विष' म्हणावे. यावर घरातील वडीलधारी माणसे हरकत घेतात. सकाळी सकाळी घरात विषाचे नाव कशाला, असे म्हणतात. त्यांचा मान राखून सांगावे की, वस्तू घरात आहेच. तिचे खरे नाव घेतल्याने ती वाढत नाही, आणि गोड नाव दिल्याने कमी होत नाही. सवय लागायला एक हंगाम लागतो. मध्येच तोंडातून 'औषध' निघून जाते तेव्हा मुलेच चूक काढतात. ती काढू द्यावी.

लेबल कोणाशी बोलते?

कीटकनाशकाच्या डब्यावर तिरका चौकोन असतो. त्याच्या खालच्या अर्ध्या भागात रंग असतो. लाल म्हणजे अत्यंत विषारी, पिवळा म्हणजे खूप विषारी, निळा म्हणजे मध्यम आणि हिरवा म्हणजे कमी विषारी. १९७१ च्या कीटकनाशक नियमांनी ही पद्धत ठरवून दिली आहे आणि बहुतेक शेतकरी बंधूंना ती माहीत आहे. कवटी आणि हाडांची खूण मात्र फक्त लाल गटाच्या डब्यावर असते, हे पुष्कळांना ठाऊक नसते. मुलाला 'कवटी दिसली की हात लावू नको' एवढेच शिकवले, तर पिवळा, निळा आणि हिरवा डबा त्याला मोकळा झाला.

हिरव्या रंगाचा घोटाळा आणखी निराळा आहे. बिस्किटाच्या पुड्यावर हिरवा ठिपका असतो, तो खाण्याच्या वस्तूवर असतो हे मुलाला रोज दिसते. शाळेत हिरवा दिवा म्हणजे 'चला' असे शिकवतात. त्याच मुलाने हिरव्या त्रिकोणाचा अर्थ 'चालेल' असा घेतला तर दोष कोणाला द्यावा?

शिवाय हे रंग मोठ्या माणसाचा हिशोब धरून पाहण्याची आपली सवय आहे. विषाची तीव्रता शरीराच्या दर किलो वजनामागे मोजतात. साठ किलोच्या माणसाला जेवढ्या मात्रेने बाधा होईल, तिच्या सहाव्या हिश्श्याने दहा किलोच्या मुलाला तेवढीच बाधा होऊ शकते. मोठ्याला मळमळून सुटेल एवढे विष लहानग्याच्या जिवावर बेतू शकते. मुलांना रंगांची प्रतवारी शिकवण्याच्या फंदात पडू नये. चौकोन दिसला की विष, मग रंग कोणताही असो, एवढेच त्यांच्यापर्यंत जावे.

वयाप्रमाणे बोलावे

तीन वर्षांपर्यंतच्या मुलाशी या बाबतीत बोलून उपयोग नाही. ते प्रत्येक वस्तू तोंडात घालून पाहते, तो त्याचा स्वभावधर्म आहे. तेथे कुलूपच बोलते. पत्र्याची पेटी घ्यावी, ती राहत्या घराबाहेर आणि उंचावर बसवावी, कुलूप लावावे. किल्ली पेटीशेजारच्या खिळ्याला टांगू नये. कोनाडा, माळा, पलंगाखालची जागा, मोटारीची खोली ही कुलपाची जागा घेऊ शकत नाहीत. चढता येणार नाही असे ठिकाण मुलाला या जगात नसते.

चार ते सात वर्षे हे वय सर्वांत महत्त्वाचे आहे. या वयात मूल बोलते, ऐकते, एकटे हिंडते, पण कारणपरंपरा त्याच्या ध्यानात राहत नाही. आपण त्याला लांबलचक सांगतो: 'तिकडे जाऊ नको, त्याला हात लावू नको, नाहीतर बघ, मग दवाखान्यात सुई टोचतील.' यातले त्याला सुई तेवढी लक्षात राहते. पुढे खरोखर चुकून काही सांडले तर सुईच्या भीतीने ते लपवते, आणि उपचाराचा मोलाचा वेळ जातो. भीती घालण्याचा हा तोटा आपण मोजत नाही.

त्याऐवजी काय करू नये यापेक्षा काय करावे ते सांगावे आणि एका वाक्यात सांगावे. तिरका चौकोन मुलाला पतंगासारखा दिसतो. रिकामा, धुतलेला डबा लांबून दाखवून म्हणावे: "हा विषाचा पतंग. हा दिसला की मागे फिरायचं आणि आजीला हाक मारायची." नुसते 'पतंग' म्हणू नये, कारण पतंगाकडे मूल धावत जाते, 'विषाचा पतंग' असेच म्हणावे. नंतर 'कळलं का?' असे विचारू नये. मूल 'हो' म्हणते, जसे आपण बैठकीत म्हणतो. त्याला करून दाखवायला लावावे. "समज, बांधावर असा डबा पडलाय. आता तू काय करशील?" ते मागे फिरले आणि खरोखर आजीला हाक मारली, म्हणजे समजले. आठ-पंधरा दिवसांनी पुन्हा विचारावे. आजीनेही हाकेला ओ द्यावी. एकदा हाक वाया गेली की मूल दुसऱ्यांदा मारत नाही.

एक पथ्य पाळावे. नुसत्या चिन्हावर विसंबून राहू नये, कारण विष दुसऱ्या बाटलीत ओतले की चौकोन मागेच राहतो. शीतपेयाची बाटली, तेलाचा डबा, दुधाची किटली यांत विष कधीही काढू नये. पुष्कळशी प्रवाही कीटकनाशके पाण्यात मिसळली की दुधासारखी पांढरी होतात. त्या बाटलीकडे पाहून मोठा माणूसही फसेल. फवारणीनंतर द्रावण उरणार नाही एवढेच कालवावे.

आठ ते तेरा वर्षांच्या मुलांना कारण सांगावे. त्यांना ते हवे असते, आणि न सांगितल्यास ती स्वतः शोधायला जातात. किडीच्या अंगात विष जाते तेव्हा तिच्या नसांचे काम बिघडते. माणसाच्या नसाही बऱ्याच अंशी तशाच चालतात, म्हणून तेच विष माणसालाही बाधते. एवढे पाचवीच्या मुलाला सहज समजते. या वयाच्या मुलांकडून एक चांगले काम होते. डब्यासोबत येणारे माहितीपत्रक बारीक अक्षरांत असते, ते मोठ्यांच्या नजरेला टिपत नाही. संध्याकाळी दिव्याखाली मुलाकडून ते घरातल्या सर्वांसमोर मोठ्याने वाचून घ्यावे. आजी ऐकते, सूनबाई ऐकते, आणि वाचणाऱ्याच्या तर ते पाठच होते. वाचून झाले की पत्रक मोठ्या माणसाने जागेवर ठेवावे आणि मुलाने हात धुवावेत. मात्र वाचायला दिले म्हणून हाताशी घेऊ नये. द्रावणाला पाणी आणणे, पंप धुणे, रिकामे डबे गोळा करणे यांपैकी कोणतेही काम मुलांना सांगू नये. 'इतर सर्वांची मुले करतात' हे उत्तर या लेखकाने फार वेळा ऐकले आहे.

त्यापुढच्या वयाच्या मुला-मुलींशी बोलताना निराळी काळजी घ्यावी लागते. आपल्याकडे 'औषध घेतलं' या शब्दांचा आणखी एक अर्थ आहे, तो सर्वांना माहीत आहे. घरात कर्जावरून, भांडणावरून रागाच्या भरात 'एक दिवस औषध घेतो आणि मोकळा होतो' असे मोठी माणसे बोलून जातात आणि विसरतात. कोपऱ्यात अभ्यास करणारा मुलगा विसरत नाही. असे बोल मुलांसमोर तर नाहीतच, कोणासमोरही काढू नयेत. घरातील कोणी असे बोलू लागले, मग ते तरुण असो वा वयस्कर, तर त्याला ओरडू नये किंवा हसण्यावारी नेऊ नये. जवळ बसून सरळ विचारावे आणि ऐकून घ्यावे. पेटीची किल्ली त्या काळात दुसऱ्याकडे द्यावी किंवा विष घरातून हलवावे. १४४१६ या टेली-मानसच्या क्रमांकावर मानसिक आरोग्यासंबंधी मोफत सल्ला मिळतो.

मुलांचे ऐकावेही

बिहारमधील सारण जिल्ह्यात गंडामन नावाचे गाव आहे. तेथील प्राथमिक शाळेत १६ जुलै २०१३ रोजी माध्यान्ह भोजन घेतल्यानंतर २३ मुले दगावली. तपासणीत अन्नात मोनोक्रोटोफॉस हे लाल गटातील कीटकनाशक आढळले. स्वयंपाकाच्या तेलातून ते आल्याचे निष्पन्न झाले. अन्नाची चव चांगली नाही अशी तक्रार मुलांनी केली होती आणि तेलाबद्दल स्वयंपाकीणबाईंनाही शंका आली होती, असे त्या वेळच्या वृत्तांतून पुढे आले. तरीही मुलांना जेवायला सांगण्यात आले.

आपण मुलांना पानात टाकू नये अशी शिस्त लावतो, ती योग्यच आहे. परंतु 'कडू लागतंय', 'घासलेटासारखा वास येतोय' असे मूल म्हणाले तर एक घास आपण स्वतः हुंगून पाहावा. चाखून पाहू नये. शंका असेल तर ते अन्न बाजूला ठेवावे. ही मुभा मुलाला घरात असली पाहिजे आणि ती आहे हे त्याला माहीत असले पाहिजे. धान्याच्या खोलीतून लसणासारखा किंवा कुजक्या मासळीसारखा वास येतो असे मुलाने सांगितले तर त्याला तर मुळीच गप्प करू नये. ॲल्युमिनियम फॉस्फाइडच्या गोळ्यांना दमट हवा लागली की त्यांतून फॉस्फीन हा प्राणघातक वायू निघतो. या गोळ्यांच्या घरगुती वापरास परवानगी नाही. तरीही त्या कणगीत आणि कोठीत पोहोचतात आणि त्याच खोलीत मुले झोपतात. असा वास आल्यास सर्वांनी आधी बाहेर पडावे, चौकशी नंतर करावी.

घरातील इतर माणसे

फवारणी करणारा बोलतो शेतातल्या गड्याशी; घरात मात्र त्याबद्दल फारसे सांगत नाही. वास्तविक त्याचे कपडे सूनबाई धुते, आणि पुष्कळदा मुलांच्या कपड्यांबरोबरच धुते. बांधाकडेची वांगी, गवार, भेंडी तीच तोडून आणते. काल त्यावर काय मारले हे तिला कोणी सांगितले नसेल तर दोष तिचा नाही. लेबलवर फवारणी व काढणी यांमध्ये किती दिवस जाऊ द्यावेत ते दिलेले असते. भिंतीवरच्या दिनदर्शिकेत आपण दुधाचा हिशोब आणि गॅसची तारीख लिहितोच. तेथेच फवारणीची तारीख, पिकाचे नाव आणि भाजी कोणत्या तारखेनंतर तोडावी ते लिहावे. वाचता न येणाऱ्या आजीसाठी त्या तुकड्यात काठीला लाल फडके बांधावे. दिवस भरले की ते काढावे. वर्षभर तेच फडके लटकत राहिले तर त्याकडे कोणी पाहत नाही. फवारणीचे कपडे वेगळ्या बादलीत, वेगळे धुवावेत.

सालगड्याचे कुटुंब किंवा ऊसतोडीची टोळी आपल्या रानात राहत असेल तर त्यांची मुले आपल्याच बांधावर खेळतात, याचा विसर पडतो. टाकून दिलेली चकचकीत बाटली हे त्यांचे खेळणे होते, पाणी भरायचे भांडेही होते. मेळघाटातून आलेल्या घरी कोरकू, तांड्यावरून आलेल्या घरी गोरमाटी बोलली जाते. आपल्या मराठीतल्या सूचना त्यांच्या बायका-मुलांपर्यंत पुऱ्या पोहोचत नाहीत. अशा वेळी त्यांच्यातील मराठी जाणणाऱ्या बाईला बरोबर घ्यावे, डबा आणि चौकोन प्रत्यक्ष दाखवावा आणि तिच्या बोलीत मुलांना सांगायला लावावे. रिकामा डबा तीन वेळा विसळून ते पाणी फवारणीच्या पंपात ओतावे, डब्याला भोके पाडून तो निकामी करावा आणि वस्ती व पाण्यापासून दूर पुरावा. भोक पडलेल्या डब्यात कोणी पाणी भरत नाही. येथे भाषेची गरजच उरत नाही.

घरी आजी आणि मूल दोघेच असताना

भर हंगामात दिवसभर घरी आजी आणि मूल दोघेच असतात. म्हणून बाधा झाल्यावर काय करायचे ते आजीला तिच्या शब्दांत सांगून ठेवावे. मूल एकाएकी घामाघूम झाले, तोंडाला लाळ सुटली, उलटी-जुलाब झाले, धाप लागली, अंग फडफडू लागले किंवा डोळ्यांतील बाहुल्या टाचणीच्या डोक्याएवढ्या झाल्या, तर दृष्ट काढण्यात आणि लिंबू उतरवण्यात वेळ घालवू नये. शेजाऱ्याला हाक मारून १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलावण्यास सांगावे. अंगावर विष सांडले असेल तर कपडे काढून साबणाने व भरपूर पाण्याने अंग धुवावे. धुणाऱ्याने स्वतःच्या हाताला विष लागू देऊ नये. मिठाचे पाणी पाजून किंवा घशात बोट घालून उलटी करवू नये. दूध, तूप, तेल पाजू नये. काही विषे त्यामुळे अधिक लवकर अंगात भिनतात. मूल गुंगीत असेल तर डाव्या कुशीवर निजवावे आणि तोंडात काही घालू नये.

दवाखान्यात जाताना डबा किंवा त्याचे लेबल पिशवीत घालून बरोबर न्यावे. 'काहीतरी औषध प्यायलं' एवढ्यावरून डॉक्टरांना उतारा ठरवता येत नाही, कारण निरनिराळ्या विषांचे उपचार निरनिराळे आहेत आणि काहींना उतारा नाहीच. मूल शुद्धीवर असेल तर त्याला न रागावता विचारावे, "कोणती बाटली होती, बोट करून दाखव." त्या घटकेला त्याने खरे बोट दाखवणे उपचाराच्या दृष्टीने फार मोलाचे असते.